पांढऱ्या ओळीतला काळा मणी

माझं मराठी इंग्रजी शाळेत वाढलेलं, आणि जिच्याबद्दल लिहितोय ती वस्तूही माझ्या लोकांची नाही. तरी लिहायला बसलो, माफ करा. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून आई म्हणाली, "तूच लिही."

इथे आखातात, अल मवालेहला आमच्या समोरच्या घरात फिलिपिन्सची आंटी राहते. जवळच्या कुरुम भागातल्या सलूनमध्ये कामाला आहे. ती तिकडच्या डोंगरातल्या गादांग लोकांतली. त्यांच्या बायका लग्नासणाला कपाळावर बारीक मण्यांचा पट्टा बांधतात. आंटीकडे आजीचा होता. मुलीचं लग्न ठरलं, पण आंटीला रजा मिळेना. निदान पट्टा तरी मुलीच्या डोक्यावर असावा म्हणून ती तो मैत्रिणीबरोबर गावी पाठवणार होती. आईला दाखवायला घेऊन आली आणि हातातच जुना दोरा तुटला. मणी आमच्या फरशीभर.

"खलास, सिस्टर," आंटी मटकन खाली बसली.

"खलास नाही बोलायचं! वसईला मंगळसूत्र तुटलं तर आम्ही 'वाढलं' म्हणतो. सांग रे तिला."

मी चाचरत इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणते, ते जास्त झालं."

"जास्त? अर्धे तर तुमच्या फ्रिजखाली गेलेत!"

रडतारडता ती हसली. मग मी मोबाइलवरचा जुना फोटो मोठा करून रंग सांगत गेलो आणि त्या दोघी ओवत गेल्या. शेवटी पांढऱ्या ओळीत एक मणी कमी पडला. फ्रिज हलवला, तरी सापडला नाही. आईने गळ्यातली काळी पोत सैल केली, एक मणी काढला आणि तिथे ओवला. पांढऱ्यात काळा, लांबूनही दिसत होता. आंटीची गावाकडची म्हातारी आई एकेक मणी बोटाने तपासते, हे आंटीने आधीच सांगितलं होतं.

पट्टा गावी गेला. लग्नाचा दिवसही गेला. डोंगरात नेटवर्क नाही. आई रोज आंटीचा चेहरा बघायची आणि विचारायची नाही.

काल आंटी दार वाजवत ओरडलीच, "सिस्टर! वाडला, वाडला!"

शेवटी फोन लागला होता; मुलगी पट्टा बांधून नाचली होती. म्हातारीचं बोट काळ्या मण्यावर थांबलं, तेव्हा मुलीने आंटीच्या मैत्रिणीकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, राहू दे तो. आणि पुढच्या नवरीनेही कुणा परक्या मैत्रिणीचा एक मणी मागून यात ओवायचा.