इंजिन बंद करून
डिझेलच्या धुराचा वास आला की अक्कलकुव्यातला तो बाजाराचा दिवस आठवतो. वडिलांच्या जीपमध्ये डोंगरातले प्रवासी होते आणि पुढे दम्याने धापा टाकणारी फुई, वडिलांची बहीण. दवाखान्याच्या रस्त्यावर धुराच्या जुन्या गाड्यांना नुकतीच बंदी झालेली. पोलिसाने अडवताच वडिलांनी चावी काढली. "इंजिन बंद शे, साहेब. आते धूर कोठे शे?" घाटात जीप अडली की उतरून ढकलायची सवय असलेले प्रवासी न सांगताच उतरले. काठी काखेत मारून पोलिसानेही हात लावला. मिरच्यांच्या ढिगांमधून जीप मुकाट सरकत होती. फुई हळूच हसली, "रोज अशीच चालाड ना, भाऊ." आज माझी बॅटरीची गाडी तशीच मुकाट निघते, आणि मला मागून ढकलणाऱ्यांच्या धापा ऐकू येतात.