हेजबोर्नचं डुक्कर

इंग्लंडमधल्या रीडिंगजवळच्या हेजबोर्न गावच्या टाऊन हॉलमध्ये रविवारी पाहुण्यांना इमारत दाखवायचं काम सिप्पोरा पेणकर करायच्या. भायखळ्यात वाढलेली, नर्स म्हणून इकडे आलेली ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू बाई. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून हे बिनपगारी काम पत्करलेलं. सभागृहात कौन्सिलचं मानचिन्ह होतं: निळ्या लाटांत उभं एक गलेलठ्ठ रानडुक्कर, तोंडात ओकची डहाळी.

नवरा गर्शोन चिडवायचा, "जन्मात ज्याला शिवली नाहीस, त्याच्याखाली खुर्ची टाकून बसतेस!"

"बसते. खायचं थोडंच आहे मला?"

खरा अर्थ अगदीच मिळमिळीत होता. लाटा म्हणजे गावची नदी, डहाळी म्हणजे जुनं जंगल आणि डुक्कर जमीनदार घराण्याचं चिन्ह. तेच ते सांगून बाई कंटाळल्या होत्या. २००६ च्या उन्हाळ्यात गावातच राहणारा, मूळ पुण्याचा मिलिंद आपल्या इथेच वाढलेल्या छोट्या मुलीला, पूर्वीला, घेऊन आला. मराठी कानावर पडताच बाईंची कळी खुलली.

"आजी, हा डुक्कर नदीत का उभी आहे?" पूर्वीने विचारलं.

"अगं, मठातल्या साधूबाबांची वाळत घातलेली चड्डी पळवली त्याने! डुक्कर पुढे, बाबा मागे. नदीपाशी बाबा दमून बसले, तिथेच गाव वसलं."

"पण तोंडात तर लीफ्स आहेत."

"कौन्सिलच्या भिंतीवर चड्डी बरी दिसेल का? म्हणून पानं काढली."

मिलिंद खोकून हसू लपवत होता.

पूर्वीने ही गोष्ट वर्गात सांगितली. वर्गाने चित्रं काढली, ती गावच्या जत्रेत लागली आणि नव्या मेयर मिसेस प्रिचर्डनी भाषणात तोच इतिहास गंभीरपणे ऐकवला. टाळ्याही कडकडून पडल्या. मग कुणीतरी त्यांच्या कानात खरं सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. "मिसेस पेणकर, या गोष्टीला आधार काय?"

"काही नाही. रविवारी सुचली."

मेयरबाई लालबुंद झाल्या. बाईंना वाटलं, गेलं आपलं काम. पण त्या पुटपुटल्या, "आता माघार घेतली तर लोक मलाच हसतील."

"मग आधी आपणच हसू या ना," सिप्पोराबाई म्हणाल्या.

पुढच्या जत्रेत चड्डीची शर्यत लागली. डुकराचा मुखवटा घालून, भलीमोठी चड्डी फडकावत पूर्वी सुसाट सुटली, आणि मागे साधूचा झगा गुडघ्यापर्यंत खोचून खुद्द मेयरबाई. वळणावर त्या चिखलात सपशेल बसल्या. सिप्पोराबाई पोट धरधरून इतक्या हसल्या, की गर्शोनला त्यांच्यासाठी पाणी आणायला धावावं लागलं.