धवलारणीची बाटली

हल्ली लग्नाच्या मांडवात मला स्वस्थ बसवत नाही. मी पंगतीत लोकांची तोंडं बघत फिरते. कुणाचा ओठ एका बाजूला ओघळलाय का? कुणाच्या हातातून पेला निसटतोय का? बहीण चिडते, "जेवायला आलीस की तपासायला?" चिडू दे.

विचुंब्याच्या त्या लग्नात माझी आत्या धवलारीण होती, म्हणजे धवले गाऊन लग्नाचे विधी करणारी. आमच्यात धवलारणीला गळा मोकळा व्हायला दारूची बाटली देतात. हळदीच्या दिवशी सकाळी नऊला देवक बसवताना, गाता गाता तिचे शब्द बोबडे झाले. उजवा हात मांडीवर गळून पडला. सगळा मांडव हसला.

"आज आत्याला जास्तच झाली!"

मीही हसले. "झोपू दे तिला, उतरल आपोआप. काय व्हत नाय," म्हणत बायकांनी तिला आतल्या खोलीत निजवलं आणि आम्ही मटणाच्या पंगती वाढत बसलो.

तीन वाजता तिला हलवून पाहिलं तर तिला उठताच येईना. पनवेलचं इस्पितळ वीस मिनिटांवर! डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "सुरू कधी झालं?" मी वेळ सांगितली. ते म्हणाले, "मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आता उशीर झाला."

संध्याकाळी तिची पिशवी आवरायला घेतली. बाटली आतच होती. तिचं सील कुणी तोडलेलंच नव्हतं.