भातलावणीच्या रांगेतलं हसू

परदेशातल्या मैत्रिणी फोनवर म्हणतात, गावाकडचं काहीतरी सांग ना. इतकं साठलंय की कुठून सुरू करावं कळत नाही. कवटीत स्क्रू असलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. सकाळी दार उघडलं की एखादा उंबऱ्यावर बसलेलाच असतो.

माझ्या दोन्ही कानांची भोकं जन्मापासून बंद. आतला कान मात्र शाबूत. म्हणून शिकायला परदेशात होते तिथं कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून घेतला. त्यावर एक छोटं यंत्र टकदिशी बसतं आणि आवाज हाडातून आत पोचवतं. ते यंत्र आणि एक भलंमोठं स्वप्न घेऊन मी मुळशीला परतले. धरणाकाठच्या आमच्या गावात बायकांचा भातगट काढला. रासायनिक खत बंद, जुना आंबेमोहोर पुन्हा सुरू, विक्री आपली आपण!

*

पहिल्याच दिवशी सगळ्यांनी स्क्रू बघून घेतला. शेजारच्या इंदूवहिनीला काळजी पडली, पावसात गंजला तर? टायटॅनियम कसं गंजत नाही, हाड त्याला कसं धरून ठेवतं, हे मी जीव तोडून समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. मी घाईघाईनं यंत्र काढून डबीत ठेवलं, कारण त्याला पाण्याचं वावडं.

इंदूवहिनीनं माझ्याकडं बघितलं, मग डबीकडं. तिचे ओठ मला स्पष्ट वाचता आले. "मंग इतका येळ काय सांगत व्हतीस?"

*

यंत्राच्या फार जवळ काही आलं की ते शिट्टी मारतं. वरच्या आळीतल्या ताराकाकूनं मी परत आले म्हणून मला मिठीत घेतलं, आणि शिट्टी झाली. काकू मला सोडून थेट चुलतसुनेवर ओरडली, "अगं, कुकर बंद कर!"

खरं कळल्यावर सगळ्या पोटभर हसल्या. पण त्या दिवसापासून मला कुणी जवळ घेत नाही. लांबूनच कोपराला हात लावतात, गरम तवा असल्यासारखा.

*

आवाज कुठल्या बाजूनं आला, हे मला कळत नाही. एकच यंत्र, त्याला सगळ्या दिशा सारख्या. गटाच्या पहिल्या मिटिंगला कुणीतरी विचारलं, खताशिवाय पीक बुडालं तर पोटाला काय? मी तावातावानं वळून उत्तर दिलं. पुढची शंका आली, पुन्हा तिकडंच उत्तर. माती, पाणी, पुढची पिढी, काही सोडलं नाही. समोरची सखूबाई मुकाट ऐकत होती. मला वाटलं, बाई पटली!

मिटिंग संपल्यावर ती हळूच म्हणाली, "माज्यावर का गं खेकसत व्हतीस? मी तर सुपारी कातरत व्हते."

*

यंत्रावर हेल्मेट बसत नाही. म्हणून स्कूटी चालवताना यंत्र पर्समध्ये. एकदा पौडहून येताना इंदूवहिनी मागं बसली होती. घाट, वारा, ट्रक. घरापाशी उतरली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी यंत्र लावलं, तर ती म्हणत होती, किती दिवसांचं मनात होतं, तुला सांगून मोकळं वाटलं.

मी म्हणाले, "वहिनी, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा ना."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "न्हाई आलं? मंग तर आनखी बरं झालं."

तिनं ते पुन्हा कधीच सांगितलं नाही.

*

मध्यंतरी स्क्रूभोवतीची कातडी सुजली. डॉक्टरांनी यंत्र लावायला बंदी केली. मी गटात जाऊन बसायचे. बायका बोलायच्या, हसायच्या, टाळ्या द्यायच्या. मी विचारलं की हात हलवायच्या: काय न्हाई गं.

बियाणं जमेल, विक्रीही जमेल. पण इतक्या लांबून परत आले ती या बायकांत राहायला. त्या कशाला हसतात, ते हसू विरायच्या आत मलाही कळावं, एवढंच मला हवं होतं.

भातलावणीत तेही अवघड. पाऊस, म्हणून यंत्र घरी. सगळ्या वाकलेल्या, तोंडं चिखलाकडं, म्हणून ओठ दिसत नाहीत. हसू मला पाठींवरून कळतं. एक पाठ हलते, मग शेजारची, मग सगळी रांग. माझ्यापाशी येऊन ते थांबतं.

*

यंदा अशीच रांग हलली. मी मान वर केली नाही, रोपांच्या जुडीकडं हात नेला. ताराकाकूनंही तीच जुडी धरली आणि आमची डोकी दाणकन आपटली.

अशी टक्कर एकदाच झाली तर शिंगं उगवतात, म्हणून लगेच दुसऱ्यांदा आपटून घ्यायची आमच्याकडं रीत आहे. काकूनं चिखलाच्या हातांनी माझं डोकं धरलं, कपाळाला कपाळ लावलं आणि तसंच टेकवून हसत म्हणाली, "शिंगाची नवरी कोन करंल गं?"

वारा नाही, पाऊस नाही, शिट्टी नाही. काकूचा आवाज यंत्राशिवाय, हाडातून थेट माझ्या डोक्याच्या मधोमध!

"काकू, ऐकू आलं."

ती दचकून मागं झाली. सगळी रांग कंबर सरळ करून बघत होती. मी विचारलं, "मघाशी कशाला हसलात?"

काकूचे ओठ 'काय न्हाई' म्हणायला उघडले, आणि मिटले. तिनं एकदा रांगेकडं बघितलं. मग माझं डोकं जवळ ओढून पुन्हा कपाळ टेकवलं.

"तुजी वाकडी लावनी बघून म्हनलं, बगळा बी हितनं चालताना वाट चुकंल."