शेणखत गिळणारं शेत

माझ्या चुलतभावाने मला फसवलं. मुरमाड शेत काळं म्हणून माझ्या गळ्यात मारलं आणि माझं मोताळ्याकडचं खरं काळं शेत घेतलं.

नांदुऱ्यात हातगाडीवर भाजी विकून मी ते शेत कमावलं होतं. त्याचं शेत माझ्या विहिरीला लागून, म्हणून अदलाबदल केली. भर श्रावणात. ओली माती मुठीत दाबली, काळाभोर गोळा झाला. घासाघीस करून बांधावरचा आंबाही मिळवला. वाटलं, आपणच जिंकलो.

काळ्या रानाची परीक्षा उन्हाळ्यात होते. ते इतकं भेगाळतं की काठी उभी आत जाते. श्रावणात कुठल्याच रानाला भेगा नसतात. पहिल्या वैशाखात मी काठी घेऊन शेतभर फिरलो. काठी जाईल अशी एक भेग सापडली नाही. कुदळ मारली. वर वीतभर काळा थर, खाली पांढरट मुरूम. त्याने तलावातला गाळ आणून पसरला होता.

तसाच त्याच्या ओट्यावर गेलो. "काऊन बे, गाळ टाकल्याचं सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही कुठं इचारलं, दादा? आंबा मांगाले बरं तोंड होतं!"

मी चप्पल उचलली. त्याची बायको मधे आली म्हणून वाचला.

तेव्हापासून दरवर्षी शेणखत टाकतो. तरी माती तपासणीत सेंद्रिय कर्ब घसरतोच आहे. तपासणी केंद्रातल्या बाईंनी समजावलं, "काळ्या मातीचे बारीक कण कुजलेलं खत धरून ठेवतात. मुरमात धरणारं फार थोडं. त्यात आपल्याकडची उष्णता. ओल मिळाली की जंतू ते खातात आणि कर्ब हवेत जातो."

"मंग खत बंद करू काय?"

"बंद केलं तर आणखी लवकर रिकामं होईल."

आता नांगर घालायची भीती वाटते, मुरूम वर येतो. जोराची सर आली की बांधाच्या सांडीतून, जादा पाणी निघायच्या वाटेतून, काळं पाणी वाहतं. घर या शेतातल्या वांग्यांवर चालतं. या वयात मी पुन्हा हातगाडी ढकलू?

चुलतभाऊ म्हणतो, कागद पक्का आहे. असेल. पण हा थर धुऊन गेल्यावर मी मुरमात काय पेरायचं? त्याने माझ्या बांधावर यावं आणि चार माणसांसमोर याचं उत्तर द्यावं.