कोंबड्यांचं औषध आणि माझी सुकी तारली

सकाळी शेडचं दार उघडलं तर तीसेक पिल्लं पाय ताणून मेलेली. बाकीच्यांतली कितीतरी मान पाठीवर टाकून जागच्या जागी गरगरत होती. मी काय केलं? त्यांना ओरडले. "उठा गो, उठा!" म्हणून शाळेतल्या बाईंसारख्या टाळ्या वाजवल्या. एकही उठलं नाही.

माझी थोरली जाऊ मागून डोकावली.

"अगो बाय, काय घातलंस ह्यांना?"

"औषध. डॉक्टरांनी दिलेलं."

"मग मरायला औषध कशाला हवा होता? फुकट गेलीस तालुक्याला."

पंच्याऐंशी सालच्या आसपासचा मे महिना. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात ब्रॉयलर पाळणारी मी पहिलीच. दोनशे पिल्लं, तीन आठवड्यांची. नवरा मुंबईला नोकरीत. त्याने निक्षून सांगितलं होतं, ही खेप मेली तर शेड मोडायची आणि तू मुंबईला यायचं. तिथे एका खोलीत नवरा, धाकटा दीर, त्याची बायको, चार मुलं. त्या खोलीत जाण्यापेक्षा मी शेडमध्येच कोंबड्यांबरोबर राहिले असते.

आधीच्या आठवड्यात पिल्लांना रक्ताची हगवण लागली होती. तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी पावडर दिली. बादलीभर पाण्यात एक चमचा, तीन दिवस. मी चौथी पास, पण चमचा मोजता येतो. चमचा बोटाने सपाट करून घालत होते. एक कणही जास्त नाही. मला वाटलं, अशी हुशार बाई डॉक्टरांनी बघितली नसेल.

पिल्लं पाणीही काय प्यायची! एरवी दिवसाला दोन बादल्या, आता पाच. मी जावेला म्हटलं, "बघ, औषध गोड लागतंय त्यांना."

मेलेलं एक पिल्लू पिशवीत घालून मी एस.टी.ने डॉक्टरांकडे गेले. ते घाटावरचे, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांनी पिल्लू टेबलावर फाडलं. काळीज, म्हणजे यकृत, पिवळट, बोटाने दाबलं तर फुटणारं.

"ताई, खाद्यात काय घालता?"

आता सांगणं भाग होतं. माझं माहेर पूर्णगडचं, मासेवाल्यांचं. तिथे मीठ लावून सुकवलेली तारली मासळी एका पिंपात पडून राहिली होती. तेल सुटून पिवळी झालेली, माणसाने खाण्यासारखी नाही. मी ती कुटून खाद्यात मिसळत होते. आजारी पिल्लांना ताकद यावी म्हणून, औषध सुरू केल्या दिवसापासून मूठ वाढवली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मीठ खाल्लं म्हणून तहान लागली. तहान लागली म्हणून पाणी प्यायली. आणि पाण्यात काय होतं?"

"एक चमचा," मी म्हटलं.

"बादलीला एक! पोटात किती गेले?"

पाच बादल्या मीच भरल्या होत्या.

मग त्यांनी समजावलं. औषध पचवताना काळजात एक प्रकारचा गंज धरतो. तो पुसून काढायला शरीराकडे स्वतःचा साठा असतो, ई जीवनसत्त्व त्यातलंच. तारलीच्या खवट तेलाने तो साठा आधीच संपवला. मग औषध पडलं अडीचपट, आणि पुसायला काही उरलंच नाही.

आमच्या पत्र्याला खाऱ्या वाऱ्याने दोन वर्षांत भोकं पडतात. गंज म्हणजे काय ते मला आणखी सांगावं लागलं नाही. एवढंच विचारलं, "उरलेली वाचतील का?"

"औषध बंद. तारली बंद. साधं पाणी, ताजं खाद्य आणि ही बाटली. आणि ताई, डोकं चालवू नका."

बाटलीत तेच जीवनसत्त्व होतं. जी पिल्लं उभी राहत नव्हती त्यांच्या चोचीत मी आणि जाऊ कापसाने थेंब सोडत होतो. जाऊ एकेकाला सांगायची, "घे रे बाबा. हिच्या हातचा नाय हा, डॉक्टरांचा हाय." चार दिवस रोज सकाळी मी मेलेली घमेल्यात भरून माडाखाली पुरत होते. पाचव्या दिवशी घमेलं रिकामं राहिलं.

त्याच दिवशी नवरा रजेवर आला. जावेने त्याला वेशीवरच मेलेल्या पिल्लांचं सगळं ऐकवलं होतं. त्यामुळे शेड रिकामी असणार असं धरूनच तो आला. दारात उभं राहून त्याने आत बघितलं. पिल्लं किडकिडीत होती, पण दाणे टिपत होती.

"एवढी कशी काय जगली?" त्याने विचारलं.

"मी डोकं चालवायचं थांबवलं."

"मग शेड राहू दे," तो म्हणाला. "पण खाद्याला हात लावायचा तर आधी डॉक्टरांना विचारायचं."

दोनशेतली एक्क्याऐंशी जगली.