तिसरं कॉलेज

परवा फोनवर तुमच्यातल्या थोरल्याने मला विचारलं, "आजी, तू सांग. एका युनिव्हर्सिटीचं नाव मोठं आहे, दुसरी घरापासून जवळ आहे आणि तिसरीत फिरताना मला बरं वाटलं. कुठे जाऊ?" तिन्ही कॅथलिक, तिन्ही चांगल्या. मागून तुमची आई म्हणाली, "नाव मोठं ते घ्यायचं. त्यात विचारायचं काय?" मी म्हणाले, पत्राने सांगते. हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला ते तिच्याकडूनच वाचून घ्यावं लागेल.

तिच्यासमोरही एकदा तीन कॉलेजं होती, आणि तीही तिन्ही नन्सनी किंवा फादर लोकांनी चालवलेली.

आम्ही नांदेडला राहायचो. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते. मूल दहावीत चांगलं निघालं की त्याला लातूरला पाठवायचं, याची तेव्हा घरोघर चर्चासुद्धा होत नसे. आमच्याकडेही झाली नाही. तिथे कॉलेजात नाव असायचं आणि मुलं दिवसभर मेडिकलच्या खासगी क्लासमध्ये. पालक स्वतः जाऊन प्राचार्यांना सांगायचे, "तेवढं अटेंडन्सचं बघा सर," आणि सर चहा मागवायचे. यात कोणाला काही लपवण्यासारखं वाटत नसे.

तुमची आई तिथे बारावीत असताना भूकंप झाला. लातूर शहर वाचलं. किल्लारीकडची गावं गेली. क्लास काही दिवस बंद पडले, तेव्हा ती मैत्रिणींबरोबर मदतीच्या छावणीत गेली. तिथे बंगळूरच्या एका कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक आपल्या विद्यार्थिनींना घेऊन आल्या होत्या. त्या नन होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. त्यांना मराठी येत नव्हतं. आमचं गाव मुखेड तालुक्यातलं, त्यामुळे तुमच्या आईला खेड्यातलं बोलणं नीट कळायचं. ती त्यांची दुभाषी झाली.

पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई बसलेली असायची. येईल त्याला एकच विचारायची, "म्हशीला पाणी दाखिवलं का?" लोक सांगायचे, बाई, म्हैस राहिली नाही आता. सिस्टरने तसं काही सांगितलं नाही. तिने तुमच्या आईला विचारायला लावलं, "म्हैस कशी होती?" बाई बोलायला लागली. शिंगं कशी, खोड्या काय, धार कोणाला काढू द्यायची, कोणाला नाही. दुपार कलली तेव्हा ती आपल्या दोन मुलांविषयी बोलली आणि रडली. तोवर ती रडली नव्हती.

तुमची आई नांदेडला आली ती हेच सांगत. जेवताना मध्येच म्हणाली, "आई, मला हे शिकायचंय." तोपर्यंत तिने काय शिकायचं हे आम्ही बोलत होतो, ती ऐकत होती.

बारावीचा निकाल लागला आणि तिचं मेडिकल थोडक्यात हुकलं. मला मनातून आनंद झाला. तीन कॉलेजांत तिला जागा मिळत होती. मुंबईच्या कॉलेजचं नाव सगळ्या देशाला माहीत होतं. सिकंदराबादचं नांदेडहून गाडीने एका रात्रीवर, आणि मी स्वतः तिथेच होस्टेलला राहून शिकले होते. तिसरं बंगळूरचं, त्या सिस्टरचं.

घरात निर्णय तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाचा, दादांचा असायचा. त्यांचं उदगीरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, अडतीचं दुकान होतं. मुंबईचं त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं, "तिथं आपलं कोन हाय?" सिकंदराबादला तुमच्या आईनेच नकार दिला. "ते तुझं कॉलेज आहे, आई." मला लागलं ते, पण तिचं बरोबर होतं. राहिलं बंगळूर. सिस्टरने कळवलं होतं की एकदा पालकांना घेऊन ये, बोलू आणि प्रवेश पक्का करू. आम्ही बाकीच्या दोन जागा सोडून दिल्या.

तुमच्या आजोबांना रजा नव्हती. असती तरी ते म्हणाले असते, "दादा जातील." दादांना उदगीरकडच्या लोकांसारखं कानडी सफाईने यायचं.

"मास्तरीणबाई, तुमच्या इंग्लिशला तिथं रिक्षावाला तरी पुसल का?" ते मला म्हणाले. "मी येतो. लेकरू एकलं न्हाई जाऊ द्यायचं."

त्यांचं पुतणीवर प्रेम होतं, हे मी नाकारत नाही. प्रवासात प्रत्येक मोठ्या स्टेशनवर उतरून ते तिच्यासाठी गार पाणी भरून आणायचे. दशम्या त्यांनी स्वतः तिला पुढे करून खायला लावल्या.

सिस्टरची खोली साधी होती. टेबल, खुर्च्या, खिडकीत एक कुंडी. दादांनी हात जोडून कानडीत सुरुवात केली आणि सिस्टरचा चेहरा खुलला. तिची मातृभाषा तीच असावी. दोघं हसत होती, दादा तिला उदगीरचा किल्ला सांगत होते बहुतेक. मला कानडीतलं अक्षर कळत नाही. मी आणि तुमची आई पाहुण्यांसारख्या बसून राहिलो. मग मला मधले शब्द ऐकू आले: लातूर, मेडिकल, अटेंडन्स, अ‍ॅडजस्ट. सिस्टरचं हसणं थांबलं. दादांचं चालूच होतं.

सिस्टर तुमच्या आईकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "तुझे काका म्हणतात, तू वर्षभर लातूरला क्लासमध्ये असशील आणि इथे फक्त परीक्षेला येशील. खरं आहे?"

मी म्हणाले, "नाही सिस्टर. तिला इथे राहून शिकायचं आहे."

"मी तिला विचारलं."

तुमच्या आईने मान खाली घातली. थोरले काका शेजारी बसलेले असताना त्यांचं बोलणं परक्यासमोर खोटं पाडायचं नसतं, हे आमच्या घरातल्या मुलीला शिकवावं लागत नाही. ते अंगात असतं. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

सिस्टर उठली. म्हणाली, "ज्यांना खरोखर यायचं आहे, अशा मुली बाहेर बसल्या आहेत."

बाहेर आल्यावर मी दादांना विचारलं, काय बोललात तुम्ही?

"खरं तेच बोललो. पोरगी हुशार हाय, मेडिकलला पुन्ना बसनार. तवर नाव तुमच्याकडं राहू द्या, हजेरीचं तेवढं अ‍ॅडजस्ट करा, उपकार होतील." त्यांना खरंच नवल वाटत होतं. "लई कडक बाई हाय. आपल्याकडचा प्राचार्य असता तर चहा पाजून हो म्हनला असता. जाऊ द्या. आपलं लातूर काय वाईट हाय?"

मग तुमच्या आईला म्हणाले, "डोसा खातीस का, माय?" ती म्हणाली, "हो काका."

दादांवरचा माझा राग कधी उतरला नाही, पण तो राग सरळ आहे. ते जिथून आले होते तिथली रीत घेऊन आले होते. सिस्टरवरचा जास्त कडू आहे. हरवलेल्या म्हशीमागे काय आहे हे ऐकायला जिने सबंध दुपार दिली होती, तिला आमच्या मुलीची खाली गेलेली मान वाचता आली नाही. चहा निवेल एवढा वेळसुद्धा तिने दिला नाही. त्या शेडमध्ये अशा खाली माना तिने किती बघितल्या असतील! तिथे तिला त्या कळत होत्या. आपल्या ऑफिसात कळल्या नाहीत.

तुमची आई लातूरला रिपीटर बॅचला बसली. इतर मुलींबरोबर एका खोलीत राहायची, पहाटे उठायची, घरी आली की झोपायची. पुढच्या वर्षी तिचं मेडिकल झालं. चौकात क्लासच्या फलकावर तिचा फोटो लागला. दादांनी मोंढ्यात पेढे वाटले, आणि पुढे कित्येक वर्षं लग्नाच्या पंगतीत, बारशाला, कुठेही ते बंगळूरची गोष्ट रंगवून सांगायचे. "त्या सिस्टरला म्हनावं, बघ आता!" लोक हसायचे. तुमची आईही हसायची. मी ताटातलं जेवत राहायचे.

पुढे एमबीबीएस झाल्यावर विषय निवडायची वेळ आली, तेव्हा तिला हवं ते मिळण्यासारखे मार्क होते. मला वाटलं, आता तरी ती मनाचे आजार घेईल, माणसांशी बोलण्याचं काम घेईल. तिने भूल देण्याचा विषय घेतला. मी विचारलं, "हेच का?"

"यात पेशंट बोलत नाहीत, आई," ती म्हणाली आणि जेवणाची पानं घ्यायला आत गेली.